डोंगरामागचा सूर्य

चौथीच्या वर्गाला ‘आवडेल ते चित्र काढा’ म्हटलं की काय येणार, हे कागद गोळा करायच्या आधीच ठाऊक असतं. दोन त्रिकोणी डोंगर, मधल्या खिंडीत अर्धा सूर्य, त्याला कंगव्याच्या दातांसारखे किरण, खिंडीतून निघून कागदाच्या तळाशी ऐसपैस होत गेलेली नदी, काठावर झोपडी, झोपडीला टेकून नारळाचं झाड (डोंगरात नारळ कसा, हे विचारायचं नाही) आणि आकाशात, वही तपासताना बाई करतात तशा चार-पाच बरोबरच्या खुणा. ते पक्षी. सावंतवाडीत हेच, गोंदियात हेच. समुद्र रोज बघणारं मूल आणि कधीच न बघितलेलं मूल, दोघांच्याही झोपडीशेजारी तोच माड.

या चित्राला नावं ठेवणं सोपं आहे. ‘काहीतरी वेगळं काढा’ म्हणून ते बंद करणंही सोपं आहे. मग मुलं पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीचं बघून काढतात. मला तिसरा रस्ता आवडतो. चित्र राहू द्यावं. फक्त त्यातला सूर्य कात्रीने कापून सुटा करावा आणि मुलांना सांगावं, आता हा उगवून दाखवा.

पुढच्या खटाटोपाला स्टॉप-मोशन म्हणतात. वस्तू जराशी हलवायची, हात बाजूला, फोटो. पुन्हा जराशी हलवायची, हात बाजूला, फोटो. हे फोटो भराभर दाखवले की वस्तू आपली आपण चालू लागते. शिक्षकाच्या खिशातला फोन त्याला पुरतो. पण फोनपेक्षा महत्त्वाचं काम वेगळीकडेच होतं. चित्र एक असेपर्यंत मुलाला काही ठरवावं लागत नाही; हात आपोआप डोंगर काढतो, जसा तो ‘क’ काढतो. चित्रं तीस झाली की ठरवावंच लागतं. सूर्य डोंगराच्या मागून येतो की डोंगरावर चिकटलेला असतो? आधी आकाश उजळतं की आधी सूर्य दिसतो? पक्ष्याचे पंख खाली येतात तेव्हा अंग वर जातं का? मूल खिडकीतून बाहेर बघायला लागतं. चित्रकलेच्या तासाला मुलाने कागदावरून डोळे काढून बाहेर बघावं, यासाठी एवढं सगळं.

सूर्याची कृती अशी. दोन ए-थ्री कागद घ्यायचे, साधे पातळ नकोत, जरा जाड कार्डशीट. पहिल्यावर फक्त आकाश. दुसऱ्यावर डोंगर, नदी, झोपडी. हा कागद डोंगराच्या वरच्या कडेने कापायचा, म्हणजे आकाशाचा भाग निघून जातो. आता डोंगराचा कागद आकाशाच्या कागदावर ठेवून डाव्या आणि उजव्या कडेला कागदी टेपने चिकटवायचा. खालची कड मोकळी सोडायची. मुलं हमखास इथेच चुकतात: चारही बाजू चिकटवून मोकळी होतात आणि मग सूर्य आत जाणार कुठून? सूर्य पाच सेंटिमीटर व्यासाचा, बांगडी ठेवून आखलेला चालतो. त्याच्या मागे तीन सेंटिमीटर रुंद आणि खालच्या कडेतून बाहेर येईल एवढी लांब पुठ्ठ्याची शेपटी. पट्टी अरुंद झाली तर सूर्य दारुड्यासारखा कलंडत वर येतो, म्हणून रुंदीत काटकसर नको. सूर्य अगदी वर येतो तेव्हा शेपटी डोंगरावर डोकावणार असते. तेवढ्या भागाला आकाशाचाच रंग द्यायचा.

शेपटीवर दर पाच मिलिमीटरला पेन्सिलीची खूण करायची. सूर्य दहा सेंटिमीटर वर यायचा असेल तर वीस खुणा, म्हणजे वीस फोटो. सुरुवातीला नुसत्या डोंगराचे सहा आणि शेवटी सूर्य थांबल्यावर सहा. एकूण बत्तीस. सेकंदाला आठ चित्रं या वेगाने बरोब्बर चार सेकंदांचा सूर्योदय होतो. हे सुरुवातीचे आणि शेवटचे स्थिर फोटो मुलांना फुकटचे वाटतात, ‘बाई, काहीच हललं नाही तरी फोटो का?’ ते न घेता एकदा दाखवावं. सूर्य दाणकन उगवतो आणि चित्रपट संपतोही. डोळ्याला बसायला जागाच मिळत नाही.

दुसऱ्या फेरीला खुणा बदलायच्या. आधी दोन-दोन मिलिमीटर, मधे सात-आठ, शेवटी पुन्हा दोन-दोन. फोटो तितकेच, पण सूर्य आता हळूच निघतो, वेग घेतो आणि अलगद थांबतो. खराखुरा सूर्य असं काही करत नाही हे वर्गात कुणीतरी म्हणतंच, आणि ते बरोबर आहे. मग झोका कसा करतो, वर फेकलेला चेंडू कसा करतो, हे बघायला मैदानावर जावं लागतं. चेंडू शिखरावर क्षणभर रेंगाळतो. तिथले फोटो जवळजवळचे. खाली येताना अंतर वाढत जातं. हे गणित आहे की विज्ञान की चित्रकला, यावर वेळापत्रक लावणाऱ्यांनी डोकं खाजवावं.

हा उद्योग परदेशातून कुठल्याशा अ‍ॅपबरोबर आला असं समजायचं कारण नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. फोटोग्राफी केली, छपाई केली, जादूचे प्रयोगही केले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्याआधी त्यांनी एक छोटीशी फिल्म केली होती: कुंडीतलं वाटाण्याचं रोप. कॅमेरा एकाच जागी ठेवायचा आणि रोप वाढत जाईल तसतशी चित्रं घेत राहायची. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ती ओळखली जाते. पैसे घालणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून दाखवायची ती फिल्म. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात काड्या स्वतःहून हलतात, आकार धरतात. त्यांच्याकडे हाताने फिरवायचा कॅमेरा होता, आणि घेतलेलं चित्र लगेच बघायची सोय नव्हती. तिसरीतल्या मुलाला आज प्रत्येक फोटो तिथल्या तिथे दिसतो. तरी काड्या हलवायच्या युक्तीत शंभर वर्षांत काही फरक पडलेला नाही, त्या अजूनही फुंकरीनेच उडतात.

त्याबद्दल पुढे. आधी फोन कुठे ठेवायचा ते.

फोन हलला की सगळं मुसळ केरात. वस्तू सोडून अख्खं जग थरथरतं. म्हणून हातात फोन धरून स्टॉप-मोशन होत नाही. कितीही स्थिर हात असो, नाही म्हणजे नाही. ट्रायपॉड सहसा शाळेत नसतो, आणि असला तरी तो खाली बघायला नाखूश असतो. सर्वात स्वस्त आणि भक्कम सोय म्हणजे प्लॅस्टिकचं स्टूल. त्याच्या बैठकीला मधोमध भोक असतं. स्टूल जमिनीवर ठेवायचं, फोन बैठकीवर पडदा वर करून, मागच्या कॅमेऱ्याचं भिंग भोकावर. चित्र स्टुलाखाली. साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीवरून बहुतेक फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ए-थ्री कागद मावतो. कडेला स्टुलाचे पाय दिसले तर किंचित झूम करायचं. हल्लीच्या फोनना मागे तीन-चार भिंगं असतात, त्यातलं चालू कुठलं ते आधी बोटाने झाकून बघून घ्यावं, नाहीतर दहा मिनिटं भलतंच भिंग भोकावर आणून काळोख कशामुळे याचा शोध चालतो. फोनवर एक जाड पुस्तक ठेवायचं, पण पडदा अर्धा तरी दिसला पाहिजे. स्टूल फरशीला आणि चित्र फरशीला टेपने चिकटवायचं. स्टुलाच्या चारही पायांभोवती खडूने गोल काढून ठेवायचे, म्हणजे कुणाचा धक्का लागलाच तर ते पुन्हा तिथेच ठेवता येतं. धक्का लागतोच.

भोकाचं स्टूल नसेल तर विटांचे दोन ढीग, त्यावर फळी, फळीच्या कडेबाहेर भिंग येईल असा फोन आणि मागे वजन. ही रचना जास्त मोकळी, हात सगळीकडून जातो, पण उंची एकसारखी करायला वेळ खाते.

बटण दाबताना फोन हलतो, हा दुसरा त्रास. तारेचा इयरफोन लावला की त्याच्या आवाज वाढवायच्या बटणाने बऱ्याच फोनमध्ये फोटो निघतो. सेल्फी-काठीबरोबर मिळणारं ब्लूटूथचं बटणही चालतं. बटण दूर गेल्याचा एक बिनपैशाचा फायदा: फोटो काढणारं मूल आता चित्राकडे बघतं, फोनकडे नाही.

उजेडाचं प्रकरण मात्र चिवट आहे. खिडकीतला उजेड सुंदर, पण तो दर मिनिटाला बदलतो. ढग आला की फोटो काळपट, गेला की पांढराफटक, आणि चित्रपट बघताना दिवे लुकलुकल्यासारखं होतं. फोन स्वतःहून उजेड जुळवायला जातो, त्याने आणखी बिघडतं. म्हणून अ‍ॅपमध्ये उजेड, रंग आणि फोकस यांना कुलूप घालायचं. बऱ्याच फोनमध्ये चित्रावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही थांबतात. खिडक्या लावून घ्यायच्या आणि दोन्ही बाजूंना, तिरपे, नऊ वॅटचे दोन बल्ब. एकच बल्ब ठेवला तर वस्तूपेक्षा तिची सावली मोठी अभिनेत्री होते. दोन्ही बल्बांसमोर बटर पेपर लावला की सावल्या मऊ पडतात. कागद बल्बला टेकवायचा नाही, हातभर लांब ठेवायचा. फोटोत आडवे पट्टे दिसले तर तो दोष विजेचा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवायचा, पट्टे जातात.

एवढं सगळं करूनही चित्रपट लुकलुकत असेल तर मुलांच्या शर्टांकडे बघा. गणवेशाचा पांढरा शर्ट म्हणजे चालता-फिरता आरसा. मूल वाकलं की शर्टावरून उजेड चित्रावर पडतो, मागे सरलं की जातो. या कामात मुरलेले लोक काळे कपडे घालतात ते उगाच नाही. वर्गात प्रत्येक फोटोला मुलांनी एकाच जागी मागे सरायचं, त्यासाठी फरशीवर खडूची रेघ. रेघेच्या मागे सगळे, मग फोटो.

आता काड्या. गुल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या घ्याव्यात, नाहीतर हस्तकलेच्या दुकानात बिनगुलाच्या काड्यांची पाकिटं मिळतात ती. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी याच काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली, तेव्हा काडी ही शिकवायची वस्तू आहे हे महाराष्ट्राला नवीन नाही. मात्र इथे सुट्या काड्यांचा एक शत्रू आहे, डोक्यावरचा पंखा. पंखा बंद केला तर एप्रिलमध्ये वर्ग उकडून निघतो, चालू ठेवला तर काड्या फोटोगणिक आपल्या मनाने सरकतात. खाली कागदाऐवजी खरखरीत कापड, जुन्या सतरंजीचा तुकडा किंवा खादीचं कापड, अंथरलं तर काड्या बऱ्यापैकी जागेवर राहतात. शिंक मात्र कुणाला थांबवता येत नाही.

कडधान्यं घ्यायची तर वाटाणा, हरभरा, मूग विसरा, ते गडगडतात. तूरडाळ, राजमा, वाल बसून राहतात. सगळ्यात गुणी चिंचोके. सारीपाट खेळायला फोडतो तसे अर्धे फोडलेले चिंचोके सपाट बाजूने फरशीला चिकटल्यासारखे बसतात, आणि एकीकडे काळे तर एकीकडे पांढरे असल्यामुळे नुसते उलटे करूनही चित्र बदलतं. एकच खोट, पाठ चकचकीत असते, बल्बचं प्रतिबिंब पडतं. बल्ब जरा बाजूला सारायचा.

पाटी-पेन्सिल अजून कपाटात असेल तर ती बाहेर काढा. पाटीवर रेघ थोडी वाढवायची, फोटो. थोडी वाढवायची, फोटो. रांगोळीच्या ठिपक्यांतून वेल आपोआप चढत जातो. कापायला काही नाही, चिकटवायला काही नाही, त्यामुळे पहिली-दुसरीला हेच उत्तम. पुसताना ओलं फडकं मात्र वापरायचं नाही. ओली पाटी काळीभोर दिसते आणि वाळता वाळता करडी होत जाते, म्हणजे मागचं आकाशच हलतं. कोरड्या फडक्याने पुसलं तर जुन्या रेघेची पुसट खूण उरते. ती राहू द्यावी, पळणाऱ्या सशामागे धुळीची रेघ राहिल्यासारखी ती छान दिसते.

मातीचा मोह सगळ्यांना होतो आणि सगळे पहिल्यांदा माणूस करतात. माणूस पडतो. दोन बारीक पायांवर मोठं डोकं, कितीही दाबून बसवलं तरी तिसऱ्या फोटोला तो शरण येतो. शाडू वाळून चिरतो, तेलाची क्ले उन्हाळ्यात बोटाला चिकटते. म्हणून सुरुवात अळीपासून. बोटाएवढी जाड, आठ-नऊ सेंटिमीटर लांब वळकटी. चार अवस्था: सपाट, शेपूट पुढे घेऊन पाठीचा कुबड, मोठा कुबड, मग डोकं पुढे सरकवून पुन्हा सपाट. हीच चौकडी पुन्हा पुन्हा. दर चौकडीला अळी दोन सेंटिमीटर पुढे जाते. हे समजायला वर्गात अळी आणण्याची गरज नाही, पावसाळ्यात ती स्वतः येते. बोटांचे ठसे दर फोटोला बदलतात आणि अळीचं अंग शिजल्यासारखं खदखदतं. कुणी कितीही गुळगुळीत करायला सांगो, मला ते ठसे आवडतात.

माणूस करायचाच असेल तर तो कागदाचा, आडवा झोपवलेला. डोकं, धड, दंड, हात, मांडी, पाय असे तुकडे कार्डशीटमधून कापायचे आणि सांध्याला सुईने दोरा ओवून दोन्हीकडे गाठ मारायची. गाठ सैल झाली तर हात लोंबतो, घट्ट झाली तर कागद फाटतो. सांध्यावर आधी टेपचा छोटा तुकडा लावून मग भोक पाडलं तर फाटत नाही. हे करताना मुलांना पिंगुळी सांगायला हवी. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एक चित्र समोर धरून त्यावर गाणं-निवेदन होतं, मग पुढचं चित्र. छायाबाहुलीत सांधा हलतो आणि दिव्याच्या उजेडात पडद्यावर सावली जिवंत होते. हलत्या चित्राचा सगळा संसार तिथे आहे, फक्त दोन चित्रांमधली मोकळी जागा गाणारा भरून काढतो. पांढरा पडदा आणि मागून एक दिवा लावून, त्या सावलीचेच फोटो घेतले तर काळ्या कार्डशीटचा माणूसही झकास दिसतो, रंगकाम शून्य.

फोन हातात देण्याआधी एक तास भिंगरीला द्यावा. दोन गोल पुठ्ठे, सहा सेंटिमीटरचे. एकावर पिंजरा, दुसऱ्यावर पोपट. मधे खराट्याची काडी ठेवून पुठ्ठे पाठीला पाठ चिकटवायचे आणि काडी दोन तळव्यांत, ताक घुसळताना रवी फिरते तशी, फिरवायची. पोपट पिंजऱ्यात जातो. याच खेळण्याचं दुसरं रूप दोन बाजूंना दोरे बांधून पीळ देण्याचं, आणि तिथे अर्ध्या वर्गाचे पोपट उलटे टांगलेले निघतात. कारण साधं आहे. काडीवर पुठ्ठा दारासारखा फिरतो, म्हणून दोन्ही चित्रं सुलट हवीत. दोऱ्यावर तो पानाच्या पालथ्या-सुलट्या पलटीसारखा फिरतो, म्हणून मागचं चित्र डोकं खाली करून काढावं लागतं. हे आधी सांगू नये. उलटे पोपट निघू द्यावेत आणि मग मुलांनाच कारण शोधू द्यावं.

पानं फडफडवायची वही हा पुढचा टप्पा, तो जमला तर ठीक. वहीचा कागद लुळा पडतो, म्हणून जुन्या लग्नपत्रिकांचे दहा बाय सहा सेंटिमीटरचे चोवीस तुकडे, डाव्या बाजूला जाड क्लिप. चित्र उजव्या अर्ध्यात, कारण डावा अर्धा क्लिपमध्ये दिसत नाही. शेवटच्या पानापासून सुरुवात करून वरवर यायचं. पत्रिका जाड असल्यामुळे खालचं दिसत नसेल तर दोन्ही पानं खिडकीच्या काचेवर धरायची.

खरा प्रश्न पटाचा. चाळीस मुलं, पस्तीस मिनिटं, एक फोन. चारचा गट करून प्रत्येकाला फोन द्यायचा ठरवलं तर दहा गटांना दहा तास लागतात आणि उरलेली छत्तीस मुलं वर्ग डोक्यावर घेतात. म्हणून पहिला चित्रपट अख्ख्या वर्गाचा, रांगेचा. स्टुलाखाली वीस चिंचोके. प्रत्येक मुलाने यायचं, एक किंवा दोन चिंचोके बोटभर नाही, नखभर हलवायचे, रेघेमागे जायचं, ‘हात बाहेर!’ असं ओरडायचं, फोटो. एकाच्या वाट्याला तीन फोटो. चाळीस त्रिक एकशे वीस. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दहा सेकंद. दर मुलाला अर्धं-पाऊण मिनिट मिळतं, त्यामुळे रांग सरकती ठेवावी लागते, पण तासात बसतं. शेवटी सगळे चिंचोके मिळून काय झालं हे कुणालाच आधी माहीत नसतं. कुणी दुसऱ्याचा चिंचोका परत मागे नेतो, आणि चित्रपटात तो चिंचोका बिचकून मागे फिरल्यासारखा दिसतो. ‘बाई, तो घाबरला!’ गोष्ट इथून सुरू होते.

दुसऱ्या आठवड्यापासून गट. एक हलवणारा, एक बटणवाला, एक मोजणारा (पाटीवर पाच-पाचच्या रेघा मारत), एक पहारेकरी. पहारेकऱ्याचं काम फक्त हात, केस आणि शर्ट चौकटीत येत नाहीत ना ते बघणं. दहा फोटोंनी जागा बदलायच्या. बाकीचा वर्ग त्या वेळी आपापले सूर्य, पक्षी, अळ्या तयार करतो. पहारेकऱ्याच्या कामाला मुलं आधी नाक मुरडतात आणि नंतर तेच काम भांडून मागतात, कारण त्यात इतरांवर ओरडायची परवानगी असते.

अ‍ॅप कुठलंही चालेल; स्टॉप मोशन स्टुडिओची मोफत आवृत्ती शाळेला पुरते. तीन गोष्टी बघून घ्यायच्या. मागचा फोटो पुसट दिसण्याची सोय, तिला ओनियन स्किन म्हणतात, कांद्याच्या पापुद्र्यातून पलीकडचं दिसावं तशी. तिच्यामुळे वस्तू किती सरकली ते कळतं आणि पडलेली अळी जवळपास जागेवर उभी करता येते. दुसरं, फोटोचा आकार: पूर्ण क्षमतेने काढलेला एक फोटो तीन-चार मेगाबाइटचा, असे एकशे वीस म्हणजे चारशे मेगाबाइटच्या घरात. अ‍ॅपमध्ये रिझोल्युशन एक हजार ऐंशी किंवा सातशे वीसवर आणायचं. तिसरं, फोन विमान मोडवर. केंद्रप्रमुखांचा फोन नेमका एकोणसाठाव्या फोटोला येतो, फोन थरथरतो, भिंग भोकावरून सरकतं.

आवाज शेवटी. तोंडाने, हाताने. चाळीस मुलांनी आधी एका बोटाने तळहातावर टिचक्या मारायच्या, मग दोन, मग तीन, मग सगळी बोटं, की पाऊस येतो, आणि उलट क्रमाने जातो. फोन वर्गाच्या मधोमध, पंखा बंद. संवाद असतील तर ते घरच्या बोलीत येऊ द्यावेत. अळी मालवणीत किंवा अहिराणीत बोलली तर तिचा स्वभावच बदलतो. प्रमाण मराठीत तीच अळी परिपाठ वाचल्यासारखी बोलते.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत ‘चित्रपट सफाईदार’ असं लिहू नये. सफाई बहुतेक फोनची आणि उजेडाची असते. मूल काय बघायला शिकलं ते त्याला एक प्रश्न विचारून कळतं: पाचव्या आणि सहाव्या चित्रात फरक काय? ज्याला तो सांगता येतो त्याची नोंद आपोआप होते. आणि हल्ली एक ओळ टंकली की तयार हलतं चित्र काढून देणारी साधनं आली आहेत, ती या वयात या तासाला मला नकोत. त्यांच्याशी वैर नाही. पण पाचवं आणि सहावं चित्र यांच्या मधलं जे अंतर मुलाने नखाने मोजायचं, नेमकं तेच ती गिळून टाकतात. शाळेला टॅब मिळाले तर आनंदच आहे, पण पहिली खरेदी करायची असेल तर भोकाची दोन स्टुलं, चार बल्ब आणि टेपची पाच रिळं.

पालकांच्या गटावर पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप चित्रपट दाबून लहान करतं आणि बारीक चिंचोके चिखल होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. मुलांचे चेहरे त्यात नसतातच, हात असतात. एखाद्या फोटोत पहारेकऱ्याची नजर चुकवून आलेलं बोटही असतं. ते काढू नये. सेकंदाचा बारावा हिस्सा ते चमकून जातं आणि प्रत्येक मूल ते आपलंच म्हणतं.

नावं चिंचोक्यांनीच लिहावीत, एकेका अक्षराला पाच-सहा फोटो. वेळ नसेल तर पाटीवर.

आणि सगळं झालं की चित्रपट एकदा उलटा चालवून दाखवावा; बऱ्याच अ‍ॅपमध्ये तशी सोय असते, नसेल तर फोटोंचा क्रम उलटा लावायचा. सूर्य डोंगरामागे उतरतो, संध्याकाळ होते, एवढं सगळ्यांना अपेक्षित असतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की पक्षी शेपटीकडून उडताहेत, आणि झोपडीच्या छपरावरचा धूर आकाशातून खाली येऊन चुलीत शिरतो आहे. वर्ग फुटतो. ‘पुन्हा एकदा!’ असा गलका होतो आणि तेवढ्यात तास संपल्याची घंटा होते. सूर्य शेपटीसकट पाकिटात घालून, वर गटाचं नाव लिहून, कपाटात ठेवावा. पुढच्या आठवड्यात पक्ष्यांचं काम आहे.